समोरची दोन पाती

प्लॅस्टिकला घरच्या घरी रंग चढत नाही, असं तिला जो तो सांगत होता. भाऊ म्हणाला, शेजारीण म्हणाली, रंगाच्या दुकानातला तर चक्क हसला. म्हणूनच तिने ते मनावर घेतलं. आणि तिने एखादी गोष्ट मनावर घेतली, की मग देवानेसुद्धा मध्ये पडू नये. माळ्यावरचं जुनं पातेलं खाली उतरलं, कपडे रंगवायची लाल पुडी आली आणि एका सकाळी गॅसवर पाणी तापायला लागलं. त्या पाण्यात जाणार होती तिच्या नवऱ्याच्या ड्रोनची पाती.

नवरा क्रेनवाला. इमारत उभी राहत असताना तिच्या शेजारी ती उंच पिवळी क्रेन असते ना, तिच्या डोक्याशी एक काचेची खोली असते. त्या खोलीत त्याचं निम्मं आयुष्य गेलं. खाली उभा असलेला माणूस झेंडे दाखवणार, हिरवा दाखवला की उचल, लाल दाखवला की थांब, आणि याने वरून लोखंडाची भारी मोळी अशी अलगद टेकवायची की खालच्याचा चहा सांडू नये. या कामाचा त्याला भारी तोरा. जमिनीवर चालणाऱ्या लोकांबद्दल तो जरा कीव केल्यासारखंच बोलायचा.

असा माणूस क्षयाने घरात बसला. खोकला, ताप, अंगावरचं मांस उतरलेलं. मालकाने तरी माणुसकी दाखवली. म्हणाला, औषध पुरं कर, आमच्या डॉक्टरला छाती आणि डोळे दाखव, त्याने हो म्हटलं की तुझी खुर्ची तुझी. तोवर तिथे दुसऱ्या कुणाला तरी बसवलं होतं. त्या दुसऱ्याचा नुसता उल्लेख झाला तरी क्रेनवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "ब्रेक मारतो की दगड मारतो, काय कळत नाही," म्हणायचा. खिडकीत उभं राहिलं की दूरवर त्या क्रेनचा हात फिरताना दिसायचा. तिने शेवटी त्या खिडकीला पडदा लावला.

आणि औषधं! मूठभर गोळ्या रोज उपाशीपोटी. पहिल्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरने धडाधडा सगळं सांगितलं होतं: मळमळेल, सांधे दुखतील, लघवी लाल होईल, घाबरू नका, दिसायला काही त्रास झाला तर लगेच येऊन सांगा, पुढचा पेशंट. दोघांच्या लक्षात राहिलं काय, तर लघवी लाल होईल. त्यावर नवरा-बायको घरी येईपर्यंत हसत होते. बाकीचं कुणी लक्षात ठेवतं का हो? आणि दिसायला कसला त्रास? त्याची नजर गरुडाची, असं सगळी साइट म्हणायची.

तिच्या भावाला वाटलं, हा माणूस असाच छताकडे बघत राहिला तर औषधाने बरा होईल पण डोक्याने जाईल. त्याने एक खोकं आणून दिलं. सुट्ट्या भागांचा ड्रोन, आपला आपण जोडायचा. "घ्या भाऊजी. आजपासून तुम्ही अधिकृत उडाणटप्पू." क्रेनवाल्याने आधी नाक मुरडलं, आणि मग जेवायच्या टेबलावर असा काही पसारा मांडला की त्या घरात पुढे कुणी टेबलावर जेवलं नाही. कॅमेरा त्याने मुद्दामच बसवला नाही. म्हणाला, पडद्यात बघून काय उडवायचं, डोळ्यांनी बघून उडवायचं. पाण्याच्या टाकीमागे मोकळी जागा होती, तिथे तो सकाळी जायचा आणि ही खुर्ची घेऊन त्याच्यामागे जायची. ड्रोन वर गेला की त्याचा चेहरा असा उजळायचा की तिला पुढे दिवसभर कामाचं काही वाटायचं नाही.

भानगड एकच होती. ड्रोन सगळा पांढराफटक. थोडा लांब गेला की त्याचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे, कळेना. तोंड आपल्याकडे झालं की सगळं उलटं होतं. डावीकडे दाबावं तर तो जातो उजवीकडे. त्यावर उपाय सोपा. समोरची दोन पाती लाल करायची, मागची दोन पांढरी ठेवायची. लाल दिसली की तोंड. पातं नायलॉनचं होतं. आणि तिचं म्हणणं असं, की नायलॉनची साडी रंगते तर नायलॉनचं पातं का नाही रंगणार?

पहिल्या खेपेला घोटाळा झाला तो खरोखरच रंगाचा. पुडी होती सुती कपड्यांची. तिने पाणी तापवलं, पुडी सोडली, पाती दोऱ्यात ओवून आत टाकली, लाकडी चमच्याने ढवळत राहिली, आणि बाहेर काय निघालं? लहान मुलीच्या रिबिनीसारखं फिकं गुलाबी. क्रेनवाला पोट धरून हसला, हसताहसता खोकला. "काय केमिस्टबाई, लग्नाला निघालाय का ड्रोन?" तिला राग आला आणि हसूही आलं. दुकानात जाऊन तिने त्या रंगवाल्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला, बाई, नायलॉनचा रंग वेगळा येतो, आधी सांगायचं ना. आता बोला! कुणी सांगायचं होतं कुणाला?

हे एवढं झालं नसतं तर बरं झालं असतं. कारण त्या दिवसापासून घरात एक गोष्ट ठरून गेली, की रंग फिका दिसला तर चूक पुडीची.

नायलॉनची पुडी आली. या वेळी तिने घाई केली नाही. पाती आधी साबणाच्या पाण्यात भिजत घातली, बोटांचं तेलकट निघून जावं म्हणून. पाणी उकळू दिलं नाही, कडेने बारीक बुडबुडे आले तसा गॅस मंद केला. मग पाती आत. थोड्या वेळाने दोरा वर ओढला आणि ती स्वतःवरच खूश झाली. लालचुटुक! थंड पाण्याने धुऊन तिने ती फडक्यावर मांडली आणि हाक मारली.

"अहो, या बघायला. आता हसून दाखवा."

तो आला. एक पातं हातात घेऊन खिडकीशी गेला, इकडून तिकडून फिरवलं.

"मागच्यापेक्षा बरंय," तो म्हणाला. "पण अजून फिकंच आहे गं. मळकट गुलाबी."

"हे गुलाबी? अहो, डोळे आहेत की बटणं?"

तिने हे थट्टेत म्हटलं. पुढे कितीतरी दिवस हे वाक्य तिला आठवत राहायचं. पण त्या वेळी दोघं हसले, आणि ती म्हणाली, ठीक आहे, पुन्हा टाकते.

पुन्हा टाकली. दुप्पट पुडी. पाती डाळिंबाच्या दाण्यासारखी झाली. तो म्हणाला, "हं. जरा चढलाय." पण तो मन राखायला बोलतोय हे तिला कळलं. एवढ्या वर्षांच्या संसारात तेवढं कळतंच. तिने पातं पदराखाली घेतलं आणि तरातरा रंगाच्या दुकानात गेली. रंगवाल्यासमोर ते आपटून विचारलं, हा रंग कोणता? तो गोंधळला. "लाल, बाई. याहून लाल माझ्याकडे नाही."

ती विजयी मुद्रेने घरी आली. "ऐका, दुकानदार काय म्हणतो. लाल म्हणजे लाल!"

"तो दुकानदार आहे," क्रेनवाला म्हणाला. "त्याचा माल तो फिका कसा म्हणेल?"

तिने हात टेकले. बरं, आजारी माणूस. गोळ्यांनी तोंड कडू, त्यात घरात कोंडलेला. चिडचिडा झालाय, हेका सोडत नाही, असं तिने मनाशी घेतलं. उलट तिलाच शंका यायला लागली. पातेल्यात डोकं घालून घालून आपल्यालाच सगळं लाल दिसत असेल का? तिने शेजारणीला पातं दाखवलं. शेजारीण म्हणाली, केवढं लाल! तरी तिचं समाधान झालं नाही. नवरा चुकत असेल हे तिच्या मनातच येईना. तो वरच्या काचेच्या खोलीतून झेंडा ओळखणारा माणूस. त्याला रंग शिकवायचा कुणी?

मग त्याने दिव्याबद्दल कुरकुर सुरू केली. टेबलावरचा दिवा मिणमिणता झालाय म्हणे. तिने बदलला. नवाही मिणमिणताच. पेपर वाचताना तो अक्षरांच्या मधोमध बोट फिरवायला लागला, छपाई हल्ली वाईट येते म्हणाला. तिने पेपरवाल्याला सुनावलं. त्या घरात त्या दिवसांत रंगवाला, दिवेवाला, पेपरवाला, सगळ्यांची झाडाझडती झाली. एक डॉक्टर तेवढा सुटला.

एका सकाळी टाकीमागे ड्रोन चांगला वर गेला. ऊन छान पडलं होतं, वारा नव्हता. समोरची पाती तिला खुर्चीतून लख्ख लाल दिसत होती. ड्रोन वळला, त्याचं तोंड यांच्याकडे झालं आणि तो सरळ यांच्या दिशेने यायला लागला. क्रेनवाला हातातला रिमोट दाबतच होता, त्याच्या हिशेबी ड्रोन लांब चालला होता.

"अहो, तो इकडे येतोय!"

"जातोय तो."

"येतोय! तोंड इकडे आहे!"

ड्रोन दोघांच्या डोक्यावरून सूं करत गेला आणि टाकीच्या भिंतीवर आपटला. एक पाय मोडला, समोरचं एक पातं तुटून पडलं. क्रेनवाल्याने ते उचललं आणि कितीतरी वेळ बघत राहिला. मग जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. तिच्या अंगावर ओरडला.

"एवढं साधं काम सांगितलं होतं! लाल कर म्हणून! हे लाल आहे?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी येऊन तिने उरलेली सगळी लाल पुडी पातेल्यात ओतली, सुटी पाती आत टाकली आणि गॅस मोठा केला. घे लाल. किती लाल पाहिजे तेवढं घे. पाणी खदखदायला लागलं तरी ती हटली नाही. पाती बाहेर काढली तेव्हा रंग जवळजवळ काळा झाला होता आणि कडा वाकड्या. ती ड्रोनला लावली तर ड्रोन टेबलावरच थडथडायला लागला. सगळं मुसळ केरात.

संध्याकाळी तो तिच्याशेजारी येऊन बसला. "चुकलो," म्हणाला. "तुझी चूक नाही, माझीच बोटं अडाणी झाली. इतके महिने क्रेनचा दांडा हातात नाही ना." तिने त्याचा हात हातात घेतला. तिला बरं वाटलं. क्रेनवर गेला की सगळं सुरळीत होईल, हेच तिनेही मनात म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने केशरी पुडी आणली आणि नवी दोन पाती रंगवली. ती आडव्या उन्हात पेटल्यासारखी दिसणारी केशरी. तो म्हणाला, हं, बरी आहेत. त्याने ती लावली आणि ड्रोन कपाटावर ठेवून दिला.

औषधं संपत आली होती. थुंकी तपासली, फोटो काढला, सगळं स्वच्छ. साइटच्या डॉक्टरकडे जायचा दिवस ठरला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. तिने सकाळीच नवी कोरी पांढरी पाती साबणाच्या पाण्यात भिजत टाकली. म्हटलं, आल्यावर लाल करू, आज काही झालं तरी अशी लाल करू की याचं तोंड बंद होईल. जाताना क्रेनवाला जिन्यात शीळ घालत होता.

डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड. छाती तपासली, पाठीवर थाप मारली. "काका, फुप्फुसं तर माझ्यापेक्षा चांगली आहेत." तिने हात जोडले. मग भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. क्रेनवाला वरच्या ओळी वाचून खालच्या ओळींवर अडखळला. डॉक्टरने एक पुस्तक काढून त्याच्यासमोर धरलं. पानभर रंगीत ठिपके होते आणि ठिपक्यांच्या मधोमध एक मोठा आकडा. ती बाजूच्या स्टुलावर होती. तिला तिथूनसुद्धा तो स्वच्छ दिसला. लाल आठ.

"कोणता आकडा आहे, काका?"

"आकडा?" क्रेनवाला म्हणाला. "नुसते ठिपके आहेत."

"अहो, चेष्टा काय करताय!" ती हसत म्हणाली.

तो हसला नाही. त्याने पुस्तक जवळ घेतलं, लांब धरलं, मान वाकडी केली. डॉक्टरने पान उलटलं. आता तीन. पुन्हा उलटलं. आता सहा. तिचे ओठ आपोआप हलायला लागले, शाळेत शेजारच्या मुलीला सांगावं तसे. सहा, अहो सहा आहे, म्हणा की सहा. पण तो तिच्याकडे बघत नव्हता. पुस्तकातून डोळे न काढता तो म्हणत होता, "या पुस्तकाची छपाई जरा फिकी आहे का हो?"

त्या वाक्यासरशी तिचे ओठ हलायचे थांबले.

डॉक्टरने पुस्तक मिटलं, औषधांचं पाकीट मागितलं. गोळ्यांच्या पट्ट्या उलटसुलट करून एक बाजूला काढली. म्हणाला, ही गोळी काही जणांच्या डोळ्यांच्या नसेवर उतरते. आधी रंग फिके दिसायला लागतात, त्यातही लाल आधी. "कधी जाणवलं का तसं? लाल फिकं दिसतंय असं? घरात कुणाच्या लक्षात आलं?"

"नाही," क्रेनवाला चटकन म्हणाला. "हे चार-दोन दिवसांतलंच असेल."

तो खोटं बोलत होता, आणि ते तिच्यासाठी बोलत होता. तिला ते लगेच कळलं आणि सहन झालं नाही.

"लक्षात आलं होतं," ती म्हणाली. "मला रोज सांगत होते. मीच रंग बदलत राहिले."

डॉक्टरला पाती, पातेलं, पुड्या यांतलं काही कळलं नाही, पण कधीपासून तेवढं कळलं. त्याने ते कागदावर लिहून घेतलं. त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं, असं तिला झालं. मग त्याने समजावून सांगितलं. गोळी आजपासून बंद. आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. नजर येते परत, बऱ्याच जणांची येते. काहींची पूर्ण, काहींची थोडी, काहींची नाही. लवकर थांबवली तर जास्त आशा.

"म्हणजे आम्ही उशीर केला?" तिने विचारलं.

"आता त्याचा विचार करू नका," डॉक्टर म्हणाला. म्हणजे हो.

"आणि माझी खुर्ची?" क्रेनवाल्याने विचारलं. डॉक्टरने मान खाली घातली. लाल-हिरवा ओळखता येईपर्यंत मी सही करू शकत नाही, म्हणाला. क्रेनवाला उठला, त्याच्याशी हात मिळवला, आभार मानले. इतका शहाण्यासारखा वागला की तिला रडू आवरेना.

डोळ्यांच्या डॉक्टरकडेही तेच. थेंब, दिवे, यंत्रं, आणि शेवटी वाट बघा. किती दिवस, ते तोही सांगेना. घरी यायला दुपार टळून गेली. रस्त्यात सिग्नलपाशी तिने त्याचा दंड घट्ट धरला, तर तो म्हणाला, "अगं, वरचा दिवा कोणता आणि खालचा कोणता, एवढं मला पाठ आहे." तिने हात सोडला नाही.

घरी तो टेबलाशी बसला. ती स्वयंपाकघरात गेली आणि नुसतीच उभी राहिली. काय करायचं असतं अशा वेळी? कुणावर चिडायचं? रंगवाल्यावर चिडून झालं होतं, पेपरवाल्यावर झालं होतं. ओट्यावर सकाळची पाती साबणाच्या पाण्यात तशीच पडली होती. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिने ती बाहेर काढली, धुतली आणि फडक्यावर वाळत मांडली. पांढरीशुभ्र, रंगाचा थेंब न लागलेली. आता ती रंगवायची नव्हती.

तो मागून कधी आला तिला कळलंच नाही. फडक्यावर ओली पाती दिसली, तसा तो थांबला. दरवेळी रंग दिल्यावर ती अशीच मांडायची. त्याने एक उचललं, खिडकीशी नेलं, उजेडात इकडून तिकडून फिरवलं. मग तिच्याकडे वळून त्याने हसायचा प्रयत्न केला.

"वा! या वेळी जमलं बघ तुला. कसलं लाल झालंय."

तिला वाटलं, सांगावं. मग तिने त्याचा चेहरा पाहिला. केवढ्या आशेने तो तिच्याकडे बघत होता, तिचं मन हलकं झालं का ते पाहायला.

"झालंय ना लाल?" ती म्हणाली.

"अगदी पाहिजे तसं."

त्याने कपाटावरून ड्रोन काढला, टेबलाशी बसला आणि समोरची केशरी पाती सोडवायला लागला. ती त्याच्याजवळ बसली. तो हात पुढे करील तसा एकेक स्क्रू ती त्याच्या तळहातावर ठेवत गेली, आणि त्याने ती दोन पांढरी पाती समोर घट्ट बसवून टाकली.